कुंपणाजवळची रुई

कुंपणालगत आपोआप उगवलेले रुईचे झुडूप मी गेल्या वर्षी उपटून टाकणार होतो. ते वाचले ते निव्वळ माझ्या आळसामुळे. आता रोज सकाळी दहा मिनिटे त्याच्यापाशी उभे राहणे हा माझा नेमच झाला आहे.

सुरुवात एका अळीने झाली. पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी ही अळी बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईचे पान मोडले की पांढरा चीक भळाभळा वाहतो आणि तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे ही इवलीशी अळी त्यात चिकटून कशी मरत नाही, याचे मला कुतूहल होते. भिंग घेऊन पाहिले, तेव्हा ती आधी पानाची मधली शीर कुरतडत होती. थोड्या वेळाने पान मलूल होऊन लोंबू लागले, चिकाचा पुढचा पुरवठा तुटला, आणि मग तिने कडेपासून निवांत खायला सुरुवात केली. या चिकातले विष तिच्या अंगात साठते व पुढे फुलपाखरातही उतरते, म्हणूनच अनुभवी पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब हेच रूप घेऊन या दरार्‍याचा फायदा उठवते. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजल्याशिवाय मी तरी दोघींतला फरक सांगू शकत नाही.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटीने बसलेला असतो, त्यावर ढालकिड्यांच्या अळ्या ताव मारतात, आणि फुलांवर काळा भुंगा आला की सगळी फांदी हेलकावते. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा मात्र पाने इतकी ओरबाडतो की त्याच्या देखणेपणाचे कौतुक मला फार काळ टिकवता येत नाही.

मध्यंतरी एक पूर्ण वाढलेली अळी मी बरणीत ठेवली. ती झाकणाला उलटी लटकली आणि दुसऱ्या दिवशी तिचा सोनेरी ठिपक्यांचा हिरवा कोष झाला. आठवडाभर मी पंखांची वाट पाहत होतो. पण कोष डागाळत काळा पडला, आणि एका सकाळी त्यातून रेशमासारख्या धाग्याला लोंबकळत पांढुरक्या अळ्या खाली उतरल्या. त्या परजीवी माशीच्या होत्या. बाहेर फिरत असतानाच तिने माझी अळी गाठली असणार. बरणी रिकामी करण्याचा विचार मनात आला खरा, पण त्या अळ्यांचे लालसर तपकिरी, गव्हाच्या दाण्यांसारखे कोष झालेले पाहून मी झाकणाऐवजी मलमलीचा तुकडा बांधला, आणि काही दिवसांनी आत राठ केसांच्या चार करड्या माशा फिरू लागल्या. त्यांना मी रुईपाशीच सोडले.