सातूचं पाणी आणि मुतखडा

"तुम्ही प्रयोगशाळेत सातूतून (म्हणजे जवातून) ऑक्झलेट मोडणारं एन्झाइम काढता ना? मग सातूच्या पाण्यानं मुतखडा विरघळतो हे खरंच की!" कुठल्याही लग्नात पंगतीला बसलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नाही विरघळत.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे असतात आणि ऑक्झलेट ऑक्सिडेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ऑक्झलेट मोडून कार्बन डायऑक्साइड करतं, इथवर तुमचं बरोबर. पण आम्ही ते काढतो मोड आलेल्या सातूच्या कोवळ्या मुळांतून. मुळं थंडगार बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटायची, गाळायची आणि रस ६० अंशांवर तापवायचा. बाकीची बरीच प्रथिनं साकळून तळाला बसतात, हे टिकतं. त्याची रचनाच तशी: सहा सारखे तुकडे एकमेकांत घट्ट अडकलेले, प्रत्येकात मँगनीजचा एक अणू. असलं चिवट प्रथिन असल्यामुळे 'उष्णतेनं मरतं' एवढ्यावर तुमची बोळवण करता येत नाही!

पुढे शुद्धीकरणाच्या पायऱ्या: अमोनियम सल्फेट घालून प्रथिन साक्याला बसवायचं, डायलिसिसनं म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून क्षार काढायचे, मग कॉलम म्हणजे भराव घातलेल्या नळीतून सोडून प्रथिनं वेगळी करायची. दर पायरीला हिशोब: एकूण प्रथिन किती उरलं, एन्झाइमची क्रिया (ऑक्झलेट मोडण्याची ताकद) किती उरली. प्रथिन झपाट्यानं घटलं आणि क्रिया त्यामानानं टिकली, तरच शुद्धीकरण झालं म्हणायचं. नाहीतर नुसतीच नासाडी. क्रिया मोजणं त्यातल्या त्यात सोपं. ऑक्झलेट मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, त्यात पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम आणि योग्य रसायनं घातली की रंग चढतो; रंग जितका गडद, तितकी क्रिया जास्त.

एवढं करून हाती आलेलं एन्झाइम सर्वांत जोमानं चालतं पीएच ४ च्या आसपास (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त). लघवीचा पीएच साधारण ६. शिवाय ते विरघळलेलं ऑक्झलेट मोडतं. खडा म्हणजे टणक स्फटिक. आणि गिळलेलं प्रथिन अख्खंच्या अख्खं मूत्रपिंडात पोचत नाही. पोचलं असतं, तर तिथे पेशींना इजा करणारं पेरॉक्साइड सोडत बसलं असतं.

वनस्पतींना मात्र हे उपयोगी पडतं. अमेरिकन चेस्टनट या झाडाची साल मारणारी बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते, म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या झाडात गव्हातल्या अशाच एन्झाइमचा जीन घातला.

सातूचं पाणी जरूर प्या, त्यातल्या पाण्यासाठी. ज्यांना खडे होतात त्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. आमचं एन्झाइम कामाला येतं ते २४ तासांच्या लघवीतलं ऑक्झलेट मोजताना. ती चाचणी सांगितली असेल तर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेता का, हे डॉक्टरांना आधी सांगा. ते व्हिटॅमिन आमचा रंग चढू देत नाही.