झाडूवाल्यायचा पगार कुठी हाये?

डिसेंबर २०१५. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि मी सकाळ-संध्याकाळ सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासाच्या पायऱ्या झिजवत होतो. व्यापाऱ्यांच्या संघटनेचा करसल्लागार म्हणून, वेगवेगळ्या करांऐवजी एकच कर आणणाऱ्या जीएसटीसाठी आमदारांना राजी करायचं काम माझ्याकडे होतं. घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत ६ मे २०१५ ला मंजूर झालं होतं, राज्यसभेत मात्र अडकलं होतं. मतदान दिल्लीत, मग इथे कशाला फिरता, असं घरचे विचारायचे. पण राज्यसभेतून सुटलं तरी पुढे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागणार होती. ऐन त्या वेळी धावपळ करून काय उपयोग?

हातात एकच कागद असायचा. गुजरातहून इतवारीत आलेल्या दहा लाखांच्या स्टील कपाटांचा हिशेब. अबकारी, म्हणजे कारखान्यातल्या उत्पादनावरचा कर, १२.५ टक्के, म्हणजे सव्वा लाख. वर २ टक्के सीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय कर, साडेबावीस हजार, ज्याची वजावट कुठेच मिळत नाही. मग विकताना या सगळ्यावर १२.५ टक्के व्हॅट, राज्याचा विक्रीकर. नुसत्या अबकारीवरचाच व्हॅट १५,६२५ रुपये! करावर कर. हे पाहून बहुतेक जण माना डोलवायचे.

त्या संध्याकाळी एका आमदारांच्या खोलीत गेलो. पूर्वी ते त्यांच्या महापालिकेत नगरसेवक होते. चष्मा लावून त्यांनी कागद दोनदा वाचला, बोट ठेवून बेरीजही तपासली.

"सारं बराबर हाये, साहेब. पण यात आमच्या झाडूवाल्यायचा पगार कुठी हाये?"

मी गप्प झालो. महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्टमध्ये ५० कोटींखालच्या उलाढालीवरचा तोही गेला, आणि उरलेला जीएसटीत जाणार होता. आता महापालिका सरकारी अनुदानाची वाट पाहत होत्या. विधेयकात राज्यांच्या भरपाईची तरतूद होती, महापालिकांच्या भरपाईबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि मी तीन आठवडे फक्त दुकानदाराचा हिशेब दाखवत फिरत होतो. विरोध करणाऱ्यांना मी मनातल्या मनात अडाणी ठरवलं होतं, याची त्या खोलीत फार लाज वाटली.

रात्री घरी बसून दुसरा कागद लिहिला. महापालिकांची भरपाई कायद्यातच हवी, दरमहा, आगाऊ, दरवर्षी वाढती. सकाळी थंडीत पुन्हा त्यांच्या दारात. त्यांनी वाचला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "हा आमच्या बैठकीत मी सोता वाचतो." पहिला कागद त्यांनी टेबलावरच राहू दिला.

त्यानंतर मी प्रत्येक खोलीत दुसरा कागद आधी काढू लागलो.

३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेनं मंजुरी दिली, २९ ऑगस्टला आपल्या विधिमंडळानं संमती. मे २०१७ मध्ये महापालिकांच्या भरपाईचा कायदा झाला, दरवर्षी ८ टक्के वाढीचा. त्या रात्री त्यांचा फोन आला.

"तारीख लिवली हाये ना?"

"हो, साहेब. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत."