एअर पिस्तुलावरून .२२ वर: पहिल्या टप्प्याची नोंद

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं तो २५ मीटर पिस्तुलाचाच प्रकार. त्यामुळं कोल्हापुरात १० मीटर एअर पिस्तुलावर हात बसला की .२२ ची, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या पिस्तुलाची, ओढ लागतेच. या नोंदीत स्कोअर नाहीत. सध्या महत्त्वाचं आहे ते जुन्या सवयी मोडणं.

एअर पिस्तुलात एक छरा भरला, मारला, की ते रिकामं. सेमी-ऑटोमॅटिक .२२ चं तसं नाही. गोळी सुटताच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) मागं येऊन पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढं जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसवतो. म्हणजे शॉट झाला त्याच क्षणी पिस्तूल पुन्हा भरलेलं असतं. एअरच्या सवयीनं शॉटनंतर हात सैल सोडून कोचकडं वळणारा भरलेली नळी घेऊन वळतो. नळी टार्गेटकडंच, आणि हात वर जाईपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, फ्रेमला लागून. यात नवख्याला सूट नाही.

अनलोड करताना आधी मॅगझिन काढायचं. मग बोल्ट मागं ओढून अडकवायचा, चेंबर डोळ्यानं बघायचं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण दाखवणारी पट्टी) घालायचा, आणि मगच पिस्तूल टेबलावर. क्रम उलटा केला तर काय होतं? बोल्ट ओढला, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं, बरं वाटलं. पण बोल्ट सोडताच मॅगझिनमधलं वरचं आत गेलं. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच. ‘पाच भरली, पाच वाजली’ हा हिशेबही धरायचा नाही, कारण एखादं काडतूस न वाजताच राहिलेलं असू शकतं.

ट्रिगरचं थोडक्यात: एअरला किमान ५०० ग्रॅम, इथं १०००. दुप्पट वजन लागलं की बोट झटका देतं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट खाली डावीकडं जातो. कोरडा सराव, म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर दाबणं, मात्र मॅन्युअल वाचूनच करायचा, बऱ्याच .२२ मध्ये रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथं खळगा पडतो.

अडकण्याचे प्रकार या टप्प्यात सगळ्यात जास्त शिकवतात. .२२ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढं बसली पाहिजे. मागं राहिली तर वरचं काडतूस पुढं सरकतच नाही. पुंगळी अर्धवट अडकून उभी राहिली तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक: काडतूस कमजोर, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) घाण, किंवा मनगट ढिलं. मनगट ढिलं असलं की सगळं पिस्तूलच मागं जातं आणि बोल्टला पूर्ण मागं यायला जोर उरत नाही. शिशाच्या गोळीवरचं मेण आणि जळकी काजळी चेंबरच्या तोंडाशी साठते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथं ब्रश जरा लवकरच फिरवलेला बरा.

ट्रिगर दाबला आणि नुसतं ‘टक’ झालं तर पिस्तूल तसंच टार्गेटकडं धरून ३० सेकंद थांबायचं, दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. दारू उशिरा पेटू शकते. लगेच बोल्ट ओढला तर काडतूस तोंडासमोर फुटू शकतं. याहून वाईट म्हणजे नेहमीपेक्षा बारीक, फुसका आवाज. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फाटते. अशा वेळी पुढचा शॉट नाही, अनलोड करायचं आणि नळी मोकळी आहे का हे रॉड घालून तपासायचं.

रेंजवरून थेट मिसळीला जाणाऱ्यांसाठी: आधी साबण आणि गार पाण्यानं हात धुवा, शिसं बोटांना लागलेलं असतं.

पुढचा टप्पा रॅपिडचा, म्हणजे २५ मीटरमधल्या झटपट नेमबाजीचा. टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद लपतं, आणि मधल्या वेळात हात ४५ अंशांपेक्षा वर ठेवता येत नाही. तो सराव सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून करायचा.