बोअर केलेली थ्रॉटल बॉडी आणि जळगावचा मे महिना : माझा अनुभव

आकाशवाणी चौकात सिग्नलला गाडी बंद पडली तेव्हा मागे केळीचा ट्रक होता आणि शेजारी आई बसलेली होती. एसी चालू, बाहेर ४४ अंश. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १६०० पर्यंत चढली, ७०० वर आली, परत चढली. हिरवा दिवा लागेपर्यंत असंच चाललं होतं. आई काही बोलली नाही, पण घरी आल्यावर दोन दिवस तिने बाजाराला रिक्षाच धरली. ते मला फार लागलं, कारण गाडीत फेरफार मी केले होते.

गाडी वडिलांची, २००३ ची मारुती एस्टीम. १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हिवाळ्यात मी एमआयडीसीतल्या एका लेथवर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, बोअर करून (आतलं भोक मोठं करून) घेतली, त्यात उघडझाप करणारी मोठी प्लेट बसवली, एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोनासारखा फिल्टर लावला. पिकअप खरंच सुधारला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आयडलिंग, म्हणजे पेडलवर पाय नसतानाचं इंजिनाचं चालणं, थोडं वरखाली व्हायचं, पण मी ते थंडीवर ढकललं.

उन्हाळ्यात गाडी सिग्नलला बंद पडायला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, म्हणजे प्लेट पूर्ण मिटू न देणारा स्क्रू, आवळायचं. स्लो (आयडलिंगची रेस) वाढवला की गाडी बंद पडणार नाही, एवढाच विचार. दोन दिवस बरं वाटलं. मग रेस झुलायला लागली. का, ते नंतर समजलं आणि ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

थ्रॉटल बंद आहे असं प्लेट किती उघडी ते मोजणारा सेन्सर सांगतो आणि तरी इंजिनाची रेस ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे, तर कॉम्प्युटरला वाटतं गाडी उतारावर पाय सोडून चालली आहे. तो पेट्रोल तोडतो. रेस पडते. पडली की पेट्रोल परत सोडतो. हवा जास्तच असल्यामुळे रेस पुन्हा वर जाते, पुन्हा पेट्रोल बंद. हाच तो झोका. आणि स्क्रू याहून जास्त आवळला, तर सेन्सरचं व्होल्टेज इतकं वाढतं की ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे असं कॉम्प्युटर धरतो आणि आयडलिंग सांभाळायचंच सोडून देतो. म्हणजे स्क्रूने मी रोग झाकत होतो आणि वर नवा जोडत होतो.

शेवटी अजिंठा चौफुलीजवळच्या एका मिस्त्रींकडे गेलो. पारोळ्याकडचे, साठीच्या पुढचे; सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पान्याला हात न लावता आधी मॅनिफोल्डला (थ्रॉटल बॉडीतून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूमचं, म्हणजे आतली हवेची ओढ मोजणारं, घड्याळ जोडलं. चांगल्या इंजिनाला गरम झाल्यावर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिसायला हवा. माझा काटा १४ वर, आणि थरथरत होता. मामा बॉनेटवर वाकून ऐकत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, गाडी चोरीसन हवा पी राहिनी." म्हणजे कुठून तरी चोरून हवा ओढते आहे.

मग त्यांनी एकेक होज पक्कडीने हळूच दाबायला सुरुवात केली. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या डब्याची) होज दाबली आणि रेस शंभरेकने उतरली. टोकाला, क्लिपच्या खाली, रबराला चीर होती. ही माझी करामत नव्हती, वीस वर्षांचं रबर होतं. पण तेवढ्याने काटा थांबला नाही. मग त्यांनी साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली आणि जोडांवर बारीक फवारा मारत गेले. कार्ब क्लीनरचा (कार्बन साफ करायचा) स्प्रेही चालतो, पण गरम सायलेन्सरजवळ तो पेट घेऊ शकतो म्हणून मामा पाणीच वापरतात. वायरिंगपासून मात्र बाटली लांब. थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर पाणी पडताच क्षणभर रेस बदलली, घड्याळाचा काटा वर उचलला.

थ्रॉटल बॉडी उतरवली. लेथच्या चकमध्ये पकडताना तिची फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डवर बसणारी सपाट कड, किंचित वाकली होती. पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि खालून ०.१५ मिलिमीटरचा गेज (फट मोजायची पातळ पाती) सरळ आरपार गेला. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून मी ती फ्लँज दीड तास घासली, आठच्या आकड्यात हात फिरवत, दर पाच मिनिटांनी पट्टी लावून पाहत. नवं पॅकिंग टाकलं.

त्याहून महत्त्वाचं काम होतं प्लेटचं. थ्रॉटल बंद करून बॉडी उजेडासमोर धरली तर एका बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड दिसत होता. मामांनी कागदावर हिशेब करून दाखवला : बोअर ५० मिलिमीटरचा धरला तर घेर १५७ मिलिमीटर. चहूबाजूंनी फक्त ०.१ मिलिमीटर फट राहिली तरी ती साडेचार मिलिमीटरच्या भोकाएवढी हवा आत सोडते. मी कित्येक रात्री सेन्सर बदलायचा विचार करत होतो आणि इथे पेन्सिलच्या रेघेएवढी फट सगळं बिघडवत होती. प्लेटचे दोन्ही स्क्रू ढिले केले, प्लेट बंद करून तिला बोअरमध्ये आपसूक बसू दिलं, हलक्या हाताने ठोकलं, स्क्रूंना लॉकिंग (ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावून आवळले. आता उजेडाचं वर्तुळ सगळीकडे सारखं, केसाएवढं.

मग क्रमाने बाकीचं. आयडलची हवा सोडणारा व्हॉल्व्ह काढून त्याची वाट क्लीनरने धुतली. त्याचं टोक बोटाने कधी दाबू नये, आतली मोटर खराब होते. स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घेतला, प्लेटच्या लिव्हरला नुसता टेकेपर्यंत आणला, त्यानंतर पाव फेरा. प्लेट बोअरमध्ये अडकू नये, एवढंच त्या स्क्रूचं काम. मल्टिमीटरवर थ्रॉटल सेन्सर ०.९ व्होल्ट दाखवत होता, तो फिरवून ०.५ च्या आसपास आणला. कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसायला बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवली. परत जोडून दिवे, एसी सगळं बंद ठेवून गाडी पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवली, मग एसी लावून दहा मिनिटं. घड्याळाचा काटा साडेसतरावर, स्थिर. रेस ८५०.

तरी दुपारी सिग्नलला एसीवर रेस दचकायची. यात दोष उघड्या फिल्टरचा होता. रेडिएटरच्या मागची सगळी उष्ण हवा तो ओढत होता. मी फिल्टरजवळ थर्मामीटरची तार बांधून चौकात उभा राहिलो : बाहेर ४४, फिल्टरपाशी ६८. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ हवा, वर कॉम्प्रेसरचं ओझं. नवी महागडी किट घेण्याऐवजी मी कूलर बनवणाऱ्या पत्र्याच्या कारागिराकडे गेलो. आपल्याकडे उन्हाळ्यात त्यांच्याएवढा पत्रा कुणी वळवत नाही. त्याने पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून फिल्टरभोवती पेटी करून दिली, तोंड हेडलाइटमागच्या मूळ जागेत. इंजिनाची श्वास घेणारी नळीही, जी मी नुसती उघडी सोडली होती, त्या पेटीत जोडली. काळ्या मातीची धूळ तिथून थेट ऑइलमध्ये जात होती. हे मी सहा महिने का पाहिलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पीयूसीला आधी कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के आला होता. या सगळ्यानंतर ०.३.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आई-वडिलांना घेऊन तोरणमाळला गेलो. घड्याळ मी डॅशबोर्डखाली कायमचं बसवलं आहे. घाट चढून यशवंत तलावापाशी थांबलो आणि काटा पाहिला : साडेचौदा. पोटात गोळा आला. तिथून मामांना फोन लावला. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंच, जळगाव दोनशेच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, म्हणून काटा तीनेक इंच उतरणारच, आणि मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर पेट्रोल त्याप्रमाणे आपोआप कमी करतो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "सुई हाली राहिनी का?"

मी खिडकीतून आत वाकून पुन्हा पाहिलं. आई मागच्या सीटवर एसीत झोपली होती, गाडी चालू होती, काटा जागेवर होता.

"नाही मामा."