अलास्काच्या क्रूझआधी कॅनडाचा व्हिसा: माझा अनुभव

मुख्य गोष्ट आधीच सांगते. आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि त्यांना सिॲटलहून अलास्काच्या क्रूझवर न्यायचं असेल, तर बोटीचे पैसे भरायच्या आधी कॅनडाचा व्हिसा काढा. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी काढा. बोट अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येत असली तरी काढा. बुकिंग करून देणारा माणूस कितीही ठामपणे नको म्हणाला तरी काढा.

आम्ही सिॲटलजवळ रेडमंडला राहतो. बोटीचं बंदर घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे विमानाची भानगड नाही. बाबा पाटबंधारे खात्यात ३६ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. मागच्या खेपेला आले होते तेव्हा टीव्हीवर हिमनदीचा कडा समुद्रात कोसळताना बघून म्हणाले होते, "जन्मभर पाणी अडवलं, पण गोठलेलं पाणी असं कधी पाहिलं नाही." ते माझ्या मनात राहिलं. या वेळी ते एप्रिलमध्ये यायचे होते. मी जानेवारीतच ऑगस्टअखेरची सात रात्रींची सफर ठरवली: केचिकन, जूनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया.

बुकिंग एका एजंटामार्फत केलं. व्हिसाचं मी स्वतःहून विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, क्लोज्ड लूप आहे, बोट सुटते तिथेच परत येते. अमेरिकेचा व्हिसा आहे ना? मग काही लागत नाही." मी विश्वास ठेवला, कारण मी आणि नवरा दोघंही ग्रीन कार्डवाले. आम्हाला पासपोर्ट आणि कार्ड दाखवून कॅनडात जाता येतं, लेक तर इथलीच नागरिक. कॅनडाचा व्हिसा नावाची गोष्ट आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत निघालीच नव्हती.

मे महिन्याच्या २ तारखेला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीला उत्साहाने क्रूझचं सांगत होते. तिने पहिलाच प्रश्न केला, "आईंचा कॅनडाचा व्हिसा आहे ना?" तिच्या सासू-सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी बंदरावरच्या काउंटरवरून परत पाठवलं होतं. सामान बोटीत चढलेलं, नातवंडं रांगेत, आणि हे दोघं टॅक्सीने घरी. मी तिथेच बाहेर जाऊन बोट कंपनीला फोन लावला. उत्तर सरळ होतं. व्हिक्टोरियात उतरा वा उतरू नका, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नसेल तर बोटीत चढवणार नाही. मग एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी आहे, करारात लिहिलेलं आहे." जानेवारीत आपण काय सांगितलं होतं, याबद्दल एक अक्षर नाही. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बोट कॅनडात थांबतेच कशाला, याचं उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेतल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये दुसऱ्या देशात न थांबता अमेरिकेतच सोडायचे नाहीत. अलास्काला जाणारी मोठी जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून व्हिक्टोरियाचा तो संध्याकाळचा थांबा. २०२१ मध्ये कोविडमुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझसाठी बंद ठेवली, तेव्हा अमेरिकेला खास कायदा करून ही अट तात्पुरती बाजूला ठेवावी लागली होती, नाहीतर त्या वर्षी एकही मोठी बोट अलास्काला पोचली नसती. व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या बोटीला तर कॅनडात शिरल्याशिवाय चढताच येत नाही. व्हिसा टाळायचाच असेल तर अलास्कातल्या अलास्कात फिरणाऱ्या छोट्या अमेरिकन बोटी आहेत, पण त्यांचं भाडं ऐकून आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

यात दोन संध्याकाळी आणखी फुकट गेल्या. कोणीतरी सांगितलं की अमेरिकेचा व्हिसा असला की कॅनडाचा साधा ऑनलाइन परवाना चालतो. २०२३ मध्ये ती सवलत १३ देशांच्या नागरिकांसाठी वाढवली हे खरं, पण त्यात भारत नाही, आणि ती फक्त विमानाने जाणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा पूर्ण व्हिसाच काढावा लागणार हे नक्की झालं.

फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे माणशी ८५. दोघांचे मिळून ३७० झाले. पैशांचं काही वाटलं नाही. आम्हाला अडवलं ते फॉर्मने.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: तुम्ही कधी सरकारी पदावर काम केलं आहे का? बाबांचं उत्तर अर्थातच हो. मी एका ओळीत लिहून टाकलं: महाराष्ट्र शासन, पाटबंधारे खाते, १९७३ ते २००९. मला वाटलं, झालं. ६ मेला अर्ज पाठवला, २० मेला ठसे दिले, आणि ११ जूनला पत्र आलं. नोकरीच्या संपूर्ण काळातलं प्रत्येक पद, प्रत्येक ठिकाण, कामाचं स्वरूप, पासून-पर्यंतच्या तारखा द्या, मध्ये खंड नको. उत्तराला मुदत होती मोजक्या दिवसांची.

सरकारी नोकरीतल्या माणसाची दर तीन-चार वर्षांनी बदली होते. ३६ वर्षांत बाबांच्या नऊ बदल्या झाल्या, मध्ये दोन बढत्या, आणि एकदा वर्षभर दुसऱ्या विभागात पाठवलेलं. जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन बसले आणि बाबा कोरा कागद घेऊन. त्यांना तारखा आठवत नव्हत्या, पण कामं आठवत होती. "धोमचं धरण पुरं होत आलं तेव्हा मी वाईला होतो. तू झालीस तेव्हा उजनीला. तुझ्या मुंजाभाऊ काकाचं लग्न झालं तेव्हा कण्हेरला, रजा मिळाली नव्हती. १९९९ च्या मार्चमध्ये कोयनेच्या तलावाच्या पोटातून बोगद्यात पाणी घेतलं, त्या दिवशी मी तिथेच होतो." प्रत्येक नावापाशी ते थांबायचे, आणि आई स्वयंपाकघरातून दुरुस्ती करायची: "वाईचं क्वार्टर गळायचं ते ७६ साली, ७५ साली नव्हे." तीन रात्री आम्ही हे करत होतो. घड्याळ माझ्या डोक्यात टिकटिक करत होतं आणि बाबांना घाई करणं मला जमत नव्हतं.

शेवटी सुटका झाली ती साताऱ्याच्या कपाटातून. सेवापुस्तकाची झेरॉक्स बाबांनी निवृत्तीच्या वेळी जपून ठेवली होती. चुलत भावाने रात्री घर उघडून पानापानाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. पेन्शनचा आदेशही त्याच फाइलीत निघाला. तेव्हा ज्यांच्या घरात निवृत्त सरकारी नोकर आहे, मग तो तलाठी असो, शिक्षक असो की पोलीस, त्यांनी सेवापुस्तकातल्या नोंदी आत्ताच स्कॅन करून ठेवाव्यात आणि पहिल्याच अर्जात सगळी यादी वेगळ्या पानावर जोडावी. मी पहिल्यांदाच ती जोडली असती, तर जूनचे ते दिवस वाचले असते.

निवृत्तीनंतरचा काळही मोकळा सोडायचा नाही. गेल्या दहा वर्षांचा हिशोब मागतात, तिथे 'निवृत्त' लिहायचं, आईसाठी 'गृहिणी' लिहायचं, तारखा सलग जुळवायच्या. भारतात परत जाणार याचा पुरावा म्हणून मी सातबारा जोडणार होते, पण मराठी कागदाला अधिकृत भाषांतर लागतं. त्याऐवजी बँकेचं इंग्रजी स्टेटमेंट, पेन्शनची नोंद, परतीचं विमानाचं तिकीट, क्रूझचं बुकिंग आणि माझं पत्र एवढ्यावर भागलं.

ठशांचं सांगायचं राहिलं. आईच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र दोनदा लाल झालं. आई कावरीबावरी होऊन तळहात पदराला पुसत राहिली. तिथल्या बाईंनी शांतपणे ओल्या टिश्यूने एकेक बोट पुसलं, वरून हलकं दाबलं, आणि तिसऱ्या वेळी उमटलं. वयस्क माणसाला एकटं पाठवू नका, आणि त्या दिवशी घाईची वेळ घेऊ नका.

या सगळ्याच्या मध्येच २५ मे येऊन गेला. त्या दिवशी बोटीचे उरलेले पूर्ण पैसे भरायचे होते, आणि त्यानंतर रद्द केलं तर परत मिळणारी रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार होती. व्हिसाचा पत्ता नाही. बाबा म्हणाले, "नको गं, रद्द कर. आम्ही इथलं तळं बघू." मी रात्री अकरा वाजता पैसे भरले. भरताना हात थरथरत होता, तरीही आज मला त्या निर्णयाचा अभिमान आहे.

१८ जुलैला पासपोर्ट पाठवा असा निरोप आला. म्हणजे जवळजवळ झालंच. पाठवले. परत येताना ते कुरिअरवाल्यांच्या एका गोदामात चार दिवस अडकले. ट्रॅकिंगवर रोज सकाळी 'आज पोचेल' आणि रोज संध्याकाळी 'उद्या'. फोनवर यंत्राशी बोलून बोलून मी एकदा रडले. ९ ऑगस्टला पाकीट हातात पडलं. आईने दोन्ही पासपोर्ट देवापुढे ठेवले, मग मला बघायला दिले. बोट सुटायला दोन आठवडे उरले होते. परतीच्या पाकिटासाठी सही घेऊनच देण्याची सोय निवडा, थोडे जास्त पैसे गेले तरी.

एक बारीक गोष्ट: व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. आईला कितीतरी वर्षांचा मिळाला, बाबांना जेमतेम वर्षभराचा, कारण त्यांचा पासपोर्ट संपत आला होता. आधी नूतनीकरण करून घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि अमेरिकेच्या व्हिसावर 'एन्ट्रीज'पुढे एम (म्हणजे अनेकदा प्रवेश) हे अक्षर आहे ना तेही पाहा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर व्हिक्टोरियाहून परत येताना पंचाईत होऊ शकते.

बाकी सगळं सुरळीत झालं. सिॲटलहून निघालेल्या बोटी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात, त्यामुळे पहिला दिवस हलतो. बाबांना आलेपाकाने आराम पडला. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली होती, ते बरं झालं. डावी बाजू की उजवी यावर मी उगाच महिनाभर वाचत बसले होते. ग्लेशियर बेमध्ये कड्यासमोर बोट सावकाश गोल फिरते आणि दोन्ही बाजूंना सगळं दिसतं. मात्र सगळ्या बोटी ग्लेशियर बेला जात नाहीत. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, तेव्हा बुकिंग करताना ते नाव वेळापत्रकात आहे का हे वाचून घ्या.

पहिल्या रात्रीच जेवणघराच्या मुख्याला शाकाहारी असल्याचं सांगा. आमचा वाढपी मडगावचा निघाला. त्याने दुसऱ्या दिवसापासून आईसाठी डाळ-भाताची सोय केली, आणि आई त्याच्या घरच्यांची चौकशी करत बसायची. केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. छत्री नको, रेनकोट न्या. आंबोलीला जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको. आई-बाबांचा अमेरिकेतला आरोग्य विमा बोटीवर आणि कॅनडात चालतो का तेही लेखी विचारा, आमचा चालत नव्हता.

ग्लेशियर बेमधल्या मार्जरी हिमनदीसमोर सकाळी पार्कच्या रेंजर बाई ध्वनिक्षेपकावर सांगत होत्या की पाण्यावर हा कडा सुमारे २५० फूट आहे. बाबा कठड्याला धरून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोयनेची भिंत १०३ मीटर. म्हणजे तिच्या पाऊण उंचीचा आहे हा." तेवढ्यात डावीकडचा एक सुळका सुटला. तो पाण्यात पडलेला आधी दिसला, आवाज नंतर आला. बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

आणि हो, स्कॅगवेहून व्हाइट पास रेल्वेच्या काही फेऱ्या सीमा ओलांडून कॅनडात जातात, काही शिखरापासून मागे फिरतात. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांनी पहिली घ्यावी, पण त्या दिवशी पासपोर्ट बोटीतल्या तिजोरीत ठेवून उतरू नये.

व्हिक्टोरियाला बोट संध्याकाळी लागली. पासपोर्ट सिॲटलला चढतानाच नीट तपासले होते, इथे उतरताना कोणी उघडूनही पाहिले नाहीत. चार तास होते. पार्लमेंटच्या इमारतीवर दिवे लागेपर्यंत आम्ही समोरच्या हिरवळीवर बसलो. बाबांनी पिशवीतून दोन्ही पासपोर्ट काढले, व्हिसाचं पान उघडून दिव्याच्या उजेडात एकदा पाहिलं, आणि आईला म्हणाले, "चल, या गावात चहा तरी पिऊ."