पैसा गयात, आवाज काही गया नही

चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. औट्रम घाट उतरून आलेली गाडी दारात लागायच्या आधी जळक्या ब्रेकचा वास लागतो. २०२३ मध्ये कोर्टाने घाटात जड वाहनांना बंदी केली, तेव्हापासून ट्रकचं काम आटलं. कारवाले मात्र आहेतच. चार थेंब पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरायचा आणि खाली येऊन पॅड बदलायचे, हा हिशेब मला आजवर कळलेला नाही. आपल्याला काय, धंदा होतो.

नाना आले ते मे महिन्यातल्या भर दुपारी. निवृत्त शिक्षक, डोक्याला पांढरा रुमाल. गाडी सेकंडहँड घेतलेली. उतरल्या उतरल्या सुरू झाले, "भाऊ, ब्रेक दाबा का खर्र करस, आनि गाडी थरथर कापस. तीन ठिकाने दखाडी. पैसा गयात, आवाज काही गया नही."

पिशवीतून बिलं काढून त्यांनी बोनेटवर मांडली. दोनदा पुढचे पॅड, एकदा मागचे लायनर, एकदा दोन्ही डिस्क लेथवर घासून आणलेल्या. म्हणजे बदलायचं ते सगळं बदलून झालेलं.

खर्र आवाज म्हटला की कोणत्याही मिस्त्रीच्या डोक्यात पहिलं हेच येतं, की पॅडचं मटेरियल संपून मागची पत्र्याची पाटी डिस्कला घासतेय. चाकं खोलली. पॅड नवे, आठ मिलिमीटर जाड. डिस्कवर ओरखडा नाही. डाव्या चाकात डिस्कमागचा धुळीचा पत्रा किंचित वाकलेला दिसला. सापडलं! पत्रा सरळ केला, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस भरलं, चाक हाताने फिरवलं, आवाज नाही. चारशे रुपये घेतले आणि नानांना पाठवून दिलं. चालवून बघितली नाही. ऊन होतं, आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. कारणं काय, काढावी तेवढी निघतात.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तर नाना बाहेर उभे. बोलले काहीच नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चहा मागवला आणि आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते आता विचारलं. नाना, नेमकं केव्हा होतं? थरथर कुठे लागते, हातात, पायात की बुडाखाली? नाना मास्तर माणूस, उत्तर नेमकं दिलं. सत्तरच्या वर ब्रेक मारला किंवा घाट उतरताना स्टिअरिंग हलतं. आणि आवाज? "तो गाडी थांबाना येळले. घरना दारसमोर."

म्हणजे थरथर वेगात आणि खर्र थांबता थांबता. तक्रार एका दमात सांगितली म्हणून आम्ही चौघा मिस्त्रींनी ती एकच धरली होती. दुखणी दोन होती.

नानांना शेजारी बसवून गाडी मोकळ्या रस्त्यावर काढली. सत्तरला ब्रेक दाबला, हँडल थरथरलं. मग साठच्या आसपास, मागेपुढे कोणी नाही बघून, हँडब्रेकचं बटण दाबून धरत तो हळूच ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. थरथर नाही. म्हणजे मागचे ड्रम निर्दोष, दोष पुढे.

परत येऊन डिस्क फिरताना किती डोलते ते मोजायला तिच्यावर डायल गेज लावलं. काटा ०.१२ मिलिमीटर डोलत होता. बहुतेक गाड्यांना ०.०५ च्या वर चालत नाही. डिस्क काढली तर ती ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे. लेथवर सरळ केलेली डिस्क कोणीतरी त्याच गंजावर बसवून गनने नट आवळले होते. अशी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही. दर फेऱ्याला तिची तीच जागा पॅडला घासत राहते, जाडी कमीजास्त होते, आणि दोन-तीन महिन्यांनी हँडल हलायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते.

आता खर्र. दहा-बाराच्या वेगात ब्रेक धरला की आवाज यायचा आणि पेडल पायाखाली धडधडायचं. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढला. मीटरवर दिवा लागला, पण गाडी गुपचूप थांबली. पुन्हा फ्यूज लावला, पुन्हा खर्र. म्हणजे लोखंड कुठेच घासत नव्हतं, एबीएसचा पंप विनाकारण चालत होता. स्कॅनर जोडून चारही चाकांचा वेग पाहिला. तीन चाकं बारा दाखवत होती, पुढचं डावं मध्येच शून्यावर पडायचं. कॉम्प्युटरला वाटायचं चाक लॉक झालं, की तो ब्रेकचा दाब सोडायचा. दिवा आपणहून कधी लागलाच नव्हता, म्हणून कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवर, वेग मोजणाऱ्या सेन्सरसमोर फिरणारी दातांची रिंग असते. तिला केसाएवढी चीर होती. खाली गंज फुगला आणि रिंग तडकली. खानदेशच्या कोरड्या हवेत एवढा गंज कसा, म्हणून मी आणि माझा पोऱ्या एकमेकांकडे बघत राहिलो. हात धुवायला उठलो तेव्हा नंबरप्लेट वाचली. एमएच-०८, रत्नागिरी. गाडीने समुद्राचं वारं खाल्लेलं. हबचा गंजही तिथलाच. दोन दिवस ती पाटी माझ्यासमोर होती.

नवी रिंग धुळ्याहून आली. जुनीचे दात खडूने खूण करून दोनदा मोजले, एकही कमीजास्त चालत नाही. हब घासून पांढरा केला, नव्या डिस्क बसवल्या, नट टॉर्क पान्याने आवळले. या वेळी चालवून बघितली, घाटाच्या निम्म्यापर्यंत.

आधीचे चारशे बिलातून वजा केले. नानांनी ती तडकलेली रिंग मागून घेतली, पिशवीत बिलांसोबत ठेवली. त्या तिन्ही गॅरेजांना दाखवून येतो म्हणाले. पहिल्या दिवशीचा मी धरला तर चार होतात, पण ते काही नाना बोलले नाहीत.