शंखास्थी, तिप्पट आकार: मिएटसचा तळ उलटा बसला

डाव्या शंखास्थीची, म्हणजे कानाभोवतीच्या कवटीच्या हाडाची, तिप्पट आकाराची प्रतिकृती मी घडवतो आहे. तिच्या आतल्या पृष्ठभागाचे काम संपत आले आहे आणि इंटर्नल अकॉस्टिक मिएटसचा (कानाच्या आणि चेहऱ्याच्या नसा ज्यातून जातात त्या हाडातल्या बोगद्याचा) तळ तेवढा उरला आहे, असे मी मागच्या नोंदीत खुशीत लिहिले होते. तळ बसवला, पुट्टी वाळली आणि टॉर्चच्या उजेडात दिसले की कॉक्लियाच्या (ऐकण्याच्या शंखाकृती अवयवाच्या) नसेची सर्पिल भोके सिग्मॉइड सायनस या मोठ्या शिरेच्या खाचेकडे, म्हणजे मागच्या बाजूला, गेली आहेत.

खऱ्या हाडात मिएटस जेमतेम सेंटिमीटरभर खोल असतो. तिप्पट आकारातही त्या अरुंद बोगद्याच्या टोकाशी कोरताना तळावरची आडवी कड दोनदा तुटली, म्हणून तळाची चकती वेगळी घडवून बाहेरच्या बाजूने आत सरकवली. युक्ती चांगली होती. घात केला तो संदर्भचित्राने, कारण ते उजव्या हाडाचे होते. मिएटसमध्ये कवटीच्या आतून डोकावले की उजव्या हाडात पुढची बाजू आपल्या डाव्या हाताला येते आणि डाव्या हाडात उजव्या हाताला, आणि मी मात्र चित्र जसेच्या तसे उतरवले. आडवी कड वरचा आणि खालचा कप्पा वेगळे करते, त्यामुळे ती आरशातल्यासारखी उलटली तरी डोळ्यांना खटकत नाही. वरच्या कप्प्यात उभी कड असते, तिला कानाचे सर्जन विल्यम हाउस यांच्यावरून बिल्स बार म्हणतात. तिच्या पुढे फेशियल (चेहरा हलवणारी) नस आणि मागे वरची व्हेस्टिब्युलर (तोल सांभाळणारी) नस. श्वानोमा, म्हणजे नसेवरची गाठ, काढण्यासाठी लॅबिरिन्थमधून (आतल्या कानातून) येणारा सर्जन हीच खूण धरून फेशियल नस ओळखतो, त्यामुळे माझ्या प्रतिकृतीवर विसंबणाऱ्याने रुग्णाचा अर्धा चेहरा लुळा केला असता.

एवढ्यात एक समाधान मात्र मिळाले. टेगमेन टिंपनी, म्हणजे मध्यकर्णाचे हाडाचे छत, इतके पातळ घासले गेले आहे की दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार येतो, आणि मध्यकर्णाचा संसर्ग मेंदूच्या टेंपोरल लोबपर्यंत का पोहोचू शकतो हे त्याकडे पाहताच कळते. हे काम दंतवैद्यांच्या जुन्या प्रोबने झाले. शिल्पकलेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चकचकीत अवजारसंचातले एकही टोक तिथे टिकले नाही.

नवी चकती करताना तिला एकाच बाजूने बसेल अशी खाच ठेवायची, एवढेच ठरवले होते. पण हे लिहिता लिहिता वाटू लागले आहे की मिएटसचे छतच उघडता येणारे झाकण करावे, म्हणजे मिडल फोसाकडून (कवटीच्या तळाच्या मधल्या खोलगट भागाकडून, वरून) दिसणारे दृश्यही दाखवता येईल. त्या वाटेने जाणारे सर्जन आर्क्युएट एमिनन्स हा हाडावरचा उंचवटा आणि ग्रेटर पेट्रोसल नस (फेशियल नसेची एक शाखा) यांच्यातला कोन दुभागून मिएटस शोधतात, तेव्हा हा उंचवटा अंदाजाने घडवून चालणार नाही. शिवाय तो दरवेळी सुपीरियर अर्धवर्तुळाकार नलिकेच्या (आतल्या कानातल्या तोलाच्या एका नलिकेच्या) नेमका वर नसतोच. म्हणून आता आधी नलिका दाखवणारी तार आत ओवायची, मग तिच्या तुलनेत उंचवटा घडवायचा, आणि चकतीचा क्रम सगळ्यात शेवटी.